चालू मिसळ सेंटर विकत घ्यायचंय? आधी पाव मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ३४, आयटीतली नोकरी, नोकरीचा कंटाळा. पुण्यात कात्रजच्या बाजूला अकरा वर्षं चालू असलेलं मिसळ-चहा-नाश्त्याचं दुकान विकायला निघालंय. मालक १८ लाख मागतोय, महिन्याला सव्वा लाख सुटतात म्हणतोय, म्हणजे पंधरा महिन्यांच्या आत पैसे वसूल. वडिलांची एफडी मोडायची तयारी आहे. आणि तुम्ही विचारताय, "१८ लाख जास्त होतात का?"

मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात मामाच्या हॉटेलात कपबश्या विसळण्यापासून झाली. आजवर दोन चालू दुकानं विकत घेतली, एक विकलं, आणि निदान आठ-दहा सौदे ओळखीच्यांसाठी बघून दिले. त्यातले बहुतेक मोडायला सांगितले. त्या अनुभवावर सांगतो, १८ लाख जास्त की कमी हे आज कुणालाच सांगता येणार नाही, कारण विकायला नेमकं काय आहे हे तुम्हीही अजून पाहिलेलं नाही. तुम्ही गर्दी पाहिली आहे. खरा प्रश्न असा की हा मालक उद्या गावी निघून गेला, तर त्या दुकानात काय उरतं? जे उरतं त्याचेच पैसे द्यायचे.

माझं पहिलं दुकान मी असंच गर्दी बघून घेतलं. सकाळी आठला टेबलासाठी लोक उभे असायचे. पैसे देऊन ताबा घेतला आणि एकोणिसाव्या दिवशी वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, गेला. कुठे गेला? जुन्या मालकाकडेच. त्यानं तीनशे पावलांवर मेहुण्याच्या नावानं दुसरं दुकान उघडलं होतं. मसाला तोच, हात तोच, गिऱ्हाईक तेच. माझ्याकडे राहिल्या खुर्च्या, भट्टी आणि भाडं. त्यातून बाहेर यायला मला दोन वर्षं लागली. त्यामुळे पुढचं वाचताना थोडा कडवटपणा जाणवला तर समजून घ्या.

आधी सव्वा लाखाचं बघू. विकणारा खोटंच बोलतो असं मी म्हणत नाही. बरेचदा त्यालाच आपला नफा नीट माहीत नसतो. संध्याकाळी गल्ल्यात उरतं तो नफा, अशी त्याची समजूत असते. म्हणून मी गल्ल्याबद्दल फारसं विचारतच नाही, आत काय येतं ते बघतो. गल्ला वाढवून सांगता येतो, चार मित्रांकडून क्यूआरवर पैसे टाकून फुगवताही येतो. पण पाववाला, दूधवाला आणि गॅसवाला यांच्या वह्या कुणी सहा-सहा महिने खोट्या लिहीत नाही.

गेल्या वर्षी माझा भाचा असंच एक दुकान घ्यायला निघाला होता. मागणी १५ लाखांची, मालकाचं म्हणणं असं : रोज १८० प्लेट मिसळ, वीस हजारांचा गल्ला, महिन्याला दीड लाख सुटतात. मी पाववाल्याला गाठलं. त्याच्याकडून दिवसाला सरासरी २६० पाव जात होते. एका मिसळीमागे दोन पाव, काही जण तिसरा मागतात, म्हणजे अडीच धरा. २६० भागिले अडीच, झाल्या १०४ प्लेट. ८० रुपयांनी ८,३२० रुपये. दूध रोज १२ लिटर. चहाला लिटरमागे पाणी घालून, आटून, लहान कपाचे साधारण १८ कप निघतात, म्हणजे २१६ कप, १२ रुपयांनी अडीच हजाराच्या आसपास. पोहे, वडा, ताक वगैरे मिळून तीन हजार. गल्ला निघाला चौदा हजारांच्या आत. आठवड्याची सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस, ३ लाख ६० हजार. मालकाच्या हिशोबानं ५ लाख २० हजार व्हायला हवे होते.

आता खर्च. कच्चा माल दीड लाख, भाडं ४० हजार, गॅस आणि लाइट ३०, दोन कामगार ३२, किरकोळ १५. उरले ९३ हजार. तेवढेच असते तरी वाईट नव्हतं. पण त्या दुकानात मालक स्वतः भट्टीवर, बायको घरी मसाला भाजणार, कांदा चिरणार आणि दुपारी काउंटरवर बसणार, पुतण्या टेबलं पुसणार. तिघांपैकी एकाचाही पगार कुठे लिहिलेला नाही. बाहेरून माणसं आणायची तर वस्ताद २५ हजार, एक बाई १५, पोऱ्या १४. म्हणजे ५४ हजार गेले. खरा नफा राहिला चाळीस हजारांच्या जरा खाली. दीड लाख तो हाच. माल, भाडं आणि पगाराचे आकडे भागाप्रमाणे बदलतील, तुमच्याकडे भाडं कदाचित वेगळं असेल, पण हिशोबाची रीत हीच ठेवा.

तुम्ही स्वतः भट्टीवर उभं राहणार आहात का? प्रश्नात तसं काही नाही. "मी मॅनेजमेंट बघेन" एवढंच लिहिलंय. पंधरा टेबलांच्या दुकानात मॅनेजमेंट नावाचं वेगळं काम नसतं हो. पहाटे साडेचारला कुलूप उघडणं, मटकी नीट भिजली का बघणं आणि वस्ताद आला नाही तर स्वतः कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, करणं, हेच ते काम.

हिशोबाच्या वेळी गॅसच्या टाक्याही बघा. मागच्या दारानं स्वयंपाकघरात जा. निळ्या १९ किलोच्या टाक्या दिसल्या तर ठीक. लाल, १४.२ किलोच्या घरगुती टाक्या भट्टीला लावलेल्या असतील तर दोन गोष्टी कळतात. पहिली, गॅसचा खर्च कमी दाखवलाय आणि तुम्ही कायद्यानं चालवायला गेलात की तो वाढणार. दुसरी, बाकीची कागदपत्रंही साधारण याच पद्धतीची असणार.

मग जीएसटी. दिवसाला वीस हजारांचा गल्ला म्हणजे वर्षाला ६० लाखांच्या वर. हॉटेलचा धंदा सेवेत मोडतो आणि महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची. मालकाकडे जीएसटी नंबर नसेल तर एक तर गल्ला खोटा, नाहीतर कर बुडवलाय. दोन्हींपैकी काय ते हसत हसत विचारा, चेहऱ्यावर कळतं. हा निव्वळ त्याचा प्रश्न आहे असंही समजू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या ८५व्या कलमाप्रमाणे धंदा हस्तांतरित झाला की विकणाऱ्याच्या आधीच्या करथकबाकीसाठी घेणाराही जबाबदार धरला जातो. शिवाय तुम्ही नंबर घेऊन पाच टक्के लावायचं म्हटलं, तर ८० ची मिसळ ८४ करायची की पाच टक्के आपल्या खिशातून भरायचे, हे ठरवावं लागेल. चार रुपयांनी गिऱ्हाईक तुटत नाही, पण नवा मालक आल्या आल्या भाव वाढला हे मात्र लक्षात ठेवतं.

मालकाचं आयकर विवरणपत्र जरूर मागा, पण त्यावर विसंबू नका. छोटे धंदेवाले अंदाजित नफ्याच्या तरतुदीखाली भरतात, रोखीच्या उलाढालीवर आठ टक्के, डिजिटलवर सहा. त्यातून खरा नफा कळत नाही. त्यापेक्षा बँकेचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट कामाचं. त्यात ८०, ९२, १७२ अशा वेड्यावाकड्या रकमा सकाळी सात ते अकरा येत असतील तर ते गिऱ्हाईक. दोन हजार, पाच हजार अशा गोल रकमा रात्री येत असतील तर तो मेहुणा.

आता जागा. माझ्या मते अर्धे सौदे इथे फसतात, आणि याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळही नाही. १८ लाखांत डिपॉझिट धरलंय की सोडून? डिपॉझिट जागामालकाकडे असतं. ते १८ मध्ये धरलं असेल तर तेवढी रक्कम तुम्हाला कधीतरी परत मिळणार आहे, आणि धरलं नसेल तर तुमचा आकडा १८ नाही, २१ किंवा २२ आहे. दुसरं, भाडेकरार किती महिने उरलाय? विकणारा सांगतो, "जागामालक आपल्या घरचाच आहे, काही काळजी करू नका." तो त्याच्या घरचा आहे, तुमच्या नाही. नाव बदलायची वेळ आली की भाडं वाढवायची याहून चांगली संधी जागामालकाला मिळत नाही. म्हणून विकणाऱ्याला टोकन देण्याआधी जागामालकाशी समोरासमोर बोला, आणि तुमच्या नावानं निदान तीन-पाच वर्षांचा करार, भाडं किती, दरवर्षी वाढ किती, हे लिहून घ्या. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. "आम्ही नोटरी करतो" असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि मूळ भाडेकरू दुसराच कुणी असून हा पोटभाडेकरू निघाला, तर मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाऊच नका.

पुण्यात आणखी एक खास गोष्ट असते, ती म्हणजे पत्र्याची शेड. दुकानाची जागा दोनशे चौरस फूट, पण टेबलं मांडलेली असतात समोरच्या मोकळ्या जागेत, शेड टाकून. ती जागा बहुतेक वेळा इमारतीच्या मंजूर नकाशात मोकळी सोडलेली असते. महापालिकेची अतिक्रमणाची गाडी आली की शेड गेली. तुमच्या दुकानात किती खुर्च्या भिंतींच्या आत आहेत आणि किती पत्र्याखाली, तेवढं मोजून या. माझ्या माहितीतल्या एका दुकानात २४ पैकी १४ पत्र्याखाली होत्या. घेणाऱ्यानं पैसे दिले २४ खुर्च्यांचे, चौथ्या महिन्यात राहिल्या दहा. सोसायटीची हरकत, धूर बाहेर काढायची चिमणी, ड्रेनेज हेही याच फेरीत बघा. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या आजोबांशी दोन मिनिटं बोललात तर तक्रार अर्ज आहेत की नाहीत ते आपोआप कळतं. महावितरणचं शेवटचं बिल हातात घ्या. मीटर व्यापारी आहे का आणि थकबाकी किती, दोन्ही बघा, कारण जुनी थकबाकी नव्या माणसाच्या गळ्यात येऊ शकते.

परवान्यांबद्दल फार लिहीत नाही. एकच भ्रम काढून टाका. "माझ्या परवान्यावर चालवा की, कशाला खर्च करता" हे ऐकू नका. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर त्याच्या नावाचा आहे, विक्रीबरोबर तो तुमचा होत नाही. तुमच्या नावानं नवीन काढा. उलाढालीप्रमाणे नोंदणी लागेल की परवाना हे अर्ज करतानाच कळतं. शॉप ॲक्ट, जीएसटी, बँक खातं, झोमॅटो-स्विगीचं खातं, सगळं तुमच्या नावावर. कुणाला विषबाधा झाली तर परवाना एकाचा आणि भट्टीवर दुसरा, हा घोळ तुम्हाला झेपणार नाही.

आता नाव आणि हात. तुम्ही लिहिलंय की "नावासकट" मिळतंय. म्हणजे काय मिळतंय? ट्रेडमार्क नोंदवलाय का? हॉटेल-उपाहारगृहांसाठी ४३वा वर्ग असतो, ऑनलाइन फुकट शोधता येतं. नोंदणी नसेल तर नाव म्हणजे फक्त पाटी. त्यातून ते आडनावाचं किंवा गावाचं नाव असेल, तर उद्या त्याचा भाऊ तेच नाव दुसरीकडे लावेल आणि तुम्हाला काही करता येणार नाही. पुण्यात "अमृततुल्य" लिहिलेल्या पाट्या किती आहेत ते तुम्ही रोज बघताच. चव मात्र पाटीत नसते, ती मसाल्यात आणि वस्तादाच्या हातात असते. म्हणून सौद्यात मसाला लिहून घ्या, आणि नुसता कागदावर नको. किलोचं प्रमाण, कुठला कांडपवाला, मिरची कोणती, भाजायचं किती, हे त्याच्याबरोबर उभं राहून निदान चार वेळा करा. तुम्ही एकट्यानं केलेली मिसळ त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला फरक न कळता गेली, की मसाला मिळाला असं समजा.

वस्तादाशी मालकासमोर एकदा आणि मालक नसताना एकदा बोला. पगार किती, राहायची सोय कोण करतं, गावाला कधी जातो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, उचल किती आहे. आमच्या धंद्यात कामगार उचल, म्हणजे पगारापोटी आगाऊ पैसे, घेऊन असतात. सौदा ठरल्यावर शेवटच्या दिवशी मालक म्हणतो, "वस्तादाकडे माझे पन्नास हजार आहेत, तेवढे तुम्ही मला द्या, त्याच्याकडून कापून घ्या." मग वस्ताद सुट्टीवर गावाला जातो आणि परत येत नाही. उचलीचा आकडा आधी कागदावर आणा.

माझ्याबाबत घडलं ते टाळायची वाट कायद्यात आहे, मला ती तेव्हा माहीत नव्हती. एरवी "तू हा धंदा करायचा नाहीस" असा करार आपल्याकडे टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं २७वं कलम तो रद्द ठरवतं. पण त्याच कलमात अपवाद आहे. धंद्याचं गुडविल, म्हणजे त्याचं नाव आणि बांधलेलं गिऱ्हाईक, विकलं असेल, तर विकणाऱ्यावर ठराविक, वाजवी हद्दीत तोच धंदा न करण्याचं बंधन घालता येतं. म्हणून करारात "सामान विक्री" एवढंच लिहू नका. गुडविल विकत घेतलं हे लिहा, त्याची रक्कम वेगळी दाखवा, आणि विकणारा इतक्या किलोमीटरच्या आत, इतकी वर्षं मिसळ-नाश्त्याचा धंदा करणार नाही हे लिहा. बायको, मुलगा, मेहुणा यांच्या नावानंही नाही, हे शब्द घालायला वकिलाला सांगा. कोर्टात जायची वेळ येऊ नये म्हणून दुसरी सोय पैशातच करायची : सगळे पैसे एकदम द्यायचे नाहीत. मी दुसरं दुकान घेतलं तेव्हा चौथा हिस्सा सहा महिने मागे ठेवला होता. वस्ताद टिकला, शेजारी दुकान उघडलं नाही, जुनी देणी निघाली नाहीत, की उरलेले पैसे दिले. विकणारा कुरकुरला, पण कबूल झाला. जो अजिबात कबूल होत नाही, त्याला सहा महिन्यांत काय होणार हे आधीच माहीत असतं.

तर १८ लाखांचं काय? माझा स्वतःचा ठोकताळा सांगतो, हा काही नियम नाही. घरच्या माणसांचा पगार वजा केल्यावर जो महिन्याचा नफा राहतो, त्याच्या बारा ते पंधरा पट, अधिक भांडी-फर्निचर-फ्रीज यांची आजची जुन्या बाजारातली किंमत. करार लांब मुदतीचा आणि जागा पक्क्या भिंतींची असेल तर पंधराकडे, शेड असेल तर बाराच्याही खाली. भाच्याच्या दुकानाला हा हिशोब सहा-सात लाखांवर आला होता. आम्ही साडेसहा म्हणालो, मालकानं चहाही विचारला नाही. तुमच्याकडे खरोखर सव्वा लाख सुटत असतील, तेही सगळे पगार धरून, तर माझ्या ठोकताळ्यानं १८ लाख वाजवी आहेत, आणि मग एवढं चांगलं चाललेलं दुकान का विकतोय असं विचारा. "गावी आई आजारी आहे" हे खरंही असू शकतं. समोर उड्डाणपुलाचं काम निघणार असेल, शेजारचं कॉलेज हलणार असेल, हेही असू शकतं. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आणि समोरच्या पानवाल्याकडे, दोन्हीकडे विचारा. पानवाला लवकर सांगतो.

एक मधला मार्गही आहे, जो आपल्याकडे पूर्वापार चालतो : दुकान आधी चालवायला घेणं. सहा महिने किंवा वर्षभर ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, धंदा तुम्ही करायचा, आणि शेवटी ठरलेल्या भावात विकत घ्यायचा हक्क करारात ठेवायचा. जागामालकाची लेखी परवानगी यातही लागते आणि परवान्यांचा प्रश्नही आधी सोडवावा लागतो. पण नोकरीतून थेट भट्टीवर येणाऱ्या माणसाला मी हेच सुचवेन. पावसाळ्यातला चहा, मे महिन्यातला शुकशुकाट, दिवाळीत गावाला गेलेले कामगार, हे सगळं एफडी न मोडता बघून होतं. आणि विकत घ्यायचंच ठरलं तर भाडं आणि पगार सहा महिने खिशातून देता येतील एवढे पैसे बाजूला ठेवूनच उरलेल्यातून सौदा करा. १८ मधले १८ देऊन मोकळं व्हायचं नाही.

या आठवड्यात करण्यासारखं एकच काम सांगतो. नोकरीत पंधरा दिवस सुट्टी टाका आणि मालकाला विचारा, "उद्यापासून पहाटे पाचला येऊन तुमच्याजवळ बसू का?" हो म्हणाला तर जा, खिशात छोटी वही ठेवा. पाववाला किती वाजता येतो आणि किती पाव उतरवतो ते लिहा, किती परत नेतो तेही लिहा. रविवारचा आकडा वेगळ्या पानावर घ्या, कारण मालक जो गल्ला सांगतोय तो बहुतेक रविवारचा असतो. पंधरा दिवसांनी आकडे घेऊन इथेच परत या, मग १८ लाखांचं बोलू.